चांदण्याचं गाणं कुणाचं

मौलाली मास्तरला चिडवायला कोल्हापुरात फार डोकं चालवावं लागत नसे. तो सायकलवरून चालला असला की पानपट्टीवरून कुणीतरी नुसतं ओरडायचं, "मास्तर, काल इचलकरंजीच्या बँडनं चांदण्याचं गाणं काय वाजवलं म्हणता! काळीज काढून हातात दिलं बगा!" झालं. सायकल तिथंच स्टँडला लागायची. मास्तर मिशीवर हात फिरवायचा आणि विचारायचा, "झोका घेतला का त्येनं? घेतला का न्हाय, तेवढंच सांग." घेतला म्हटलं तर "चोर हाय!" आणि नाही घेतला म्हटलं तर "मग काय डोंबल वाजवलं?" दोन्हीकडून मास्तरचा विजय, पण घरी जाऊन जेवण मात्र जायचं नाही.

दिलखुश ब्रास बँडचा हा क्लॅरनेट मास्तर. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि चालण्यात असा ताठा की पाठीमागनं बघणाऱ्याला हाच नवरदेव वाटावा. बोलायला तिखट, मनानं हळवा आणि हेवा करण्यात तर एक नंबर. हे शेवटचं तो स्वतः कधी कबूल करत नसे. "मी कुणावर जळत न्हाय," म्हणायचा, "लोकच वाईट वाजवत्यात, त्येला मी काय करू?"

चांदण्याचं गाणं म्हणजे एका हिंदी पिक्चरमधलं गाणं. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला तो पिक्चर आला, आपटला आणि गेला. गोष्ट कुणाला आठवत नाही, पण हिरो चांदण्यात हिरॉइनला उद्देशून गातो ते एक गाणं मागे राहिलं. अख्ख्या शहरात ते क्लॅरनेटवर पहिल्यांदा घेतलं मौलालीनं. त्यासाठी तो मॅटिनीला जाऊन बसायचा आणि गाणं लागलं की बोटं मांडीवर नाचवत तोंडानं फूं फूं करायचा. आजूबाजूचे ओरडायचे, "अवो पावणं, पिक्चर बघू द्या की!" गाणं संपलं की हा उठून बाहेर. पुढची गोष्ट त्यानं आजतागायत बघितलेली नाही.

पण त्यानं नुसती नक्कल केली असती तर एवढं नाव झालं नसतं. गाण्याच्या अंतऱ्याला, जिथं गाणारा सरळ खाली येऊन थांबतो, तिथं मास्तर थांबायचाच नाही. हात वर करून सगळ्या बँडला गप्प करायचा. फक्त साइड ड्रमवर काडी टिकटिकत राहायची. आणि एका दमात क्लॅरनेट वर, आणखी वर, अजून वर न्यायचा, तिथं टांगून ठेवायचा, लोकांचे श्वास अडकले की मग हळूच सोडून द्यायचा. त्याला लोकांनी नाव दिलं झोका. झोका आला की शिट्ट्या, टोप्या, फेटे, सगळं हवेत. वरातीचं घोडंसुद्धा तेवढ्यापुरतं थांबायचं म्हणे. मास्तर म्हणायचा, "गाणाऱ्यानं गायलं, ते ठीक हाय. पुरं केलं मी."

आता लोकांना आवडलेली चाल कुणाच्या बापाला ऐकते काय? एका पावसाळ्यात गल्लीतल्या मारुतीच्या देवळात बाळासो आण्णांच्या भजनी मंडळानं तिच्यावर विठ्ठलाचे शब्द बसवले. टाळ, पेटी आणि वर आण्णांचा खर्जातला आवाज. अंतऱ्याला आण्णांनी दोन्ही हात वर केले आणि चक्क झोका घेतला. रस्त्यावरून चाललेला मौलाली तिथंच थबकला. भजन संपेपर्यंत देवळाच्या पायरीशी धुमसत उभा राहिला. आण्णा बाहेर आले तसा म्हणाला, "आण्णा, देवाच्या दारात चोरी?"

"अरं, चाल पिक्चरची. तुझी कुठली?"

"आनि झोका? त्यो बी पिक्चरचा व्हय?"

आण्णा चपला घालत शांतपणे म्हणाले, "झोका देवाला आवडला, मौलाली. आता तू आनि त्यो बघून घ्या."

देवाशी भांडणार कसं? मग त्यानं आण्णांशीच बोलणं सोडलं. पुढं शिरोळच्या एका ऑर्केस्ट्रातल्या बाईनं ते गाणं स्टेजवर म्हटलं. "गाती कुठं? हाका मारती," इति मास्तर. निवडणुकीत एका उमेदवाराच्या रिक्षावरून त्याच चालीवर रस्ते आणि नळपाण्याची आश्वासनं ऐकू आली. तो उमेदवार पडला त्या दिवशी मास्तरनं गल्लीत जिलेबी वाटली. लोकांना वाटलं, मास्तर विरोधी पक्षात गेला.

खरं सांगायचं तर या सगळ्यांवर जळण्यात मास्तरला एक सुख होतं. कितीही जणांनी गाणं पळवलं तरी झोका घ्यावा तर मौलालीनं, हे त्याला आतून पक्कं ठाऊक होतं. त्याच्या पोटात खरं दुखायला लागलं ते कृष्णातमुळं.

कृष्णात त्याचा शेजारी. दोघांच्या घरांत मिळून एकच भिंत. उद्यमनगरात फाउंड्रीत दुपारनंतरच्या दुसऱ्या पाळीला कामाला, तिशीतला, अबोल गडी. हात कायम काळे. त्याला नाद बेंजोचा. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या आणि वर दाबायची बटणं. मास्तर त्याला टाइपरायटर म्हणायचा. एकदा कृष्णात भीत भीत बँडच्या खोलीवर आला आणि म्हणाला, "मास्तर, झोका कसा घेतासा, जरा सांगा की. माझी तार मधीच मरती, सूर टिकत न्हाय."

"झोक्याला दम लागतोय, लेका," मास्तरनं सगळ्यांदेखत सुनावलं. "तुझ्या टाइपरायटरला फुप्फुस हाय काय?"

खोलीत हशा पिकला. कृष्णात मान खाली घालून गेला. आणि तारेला दम नाही म्हटल्यावर त्यानं दुसरी वाट काढली.

ती वाट मास्तरला कळली गणपतीत. तालमीच्या मांडवात कृष्णातची बेंजो पार्टी बसली होती आणि मास्तर गर्दीच्या मागे, खांबाआड, आपण सहजच आलोय अशा चेहऱ्यानं उभा होता. चांदण्याचं गाणं सुरू झालं. अंतरा आला. मास्तर मनात म्हणाला, आता बघू कसा चढतोस. कृष्णात चढलाच नाही. तो खाली उतरला. एकेक पायरी खाली, खाली आणि एकदम थांबला. काहीच नाही. मग जाड तारेवर एकच टोला, हलकासा, आणि तिथून गाणं परत उचललं. कुणी शिट्टी मारली नाही. मास्तरला आधी आनंद झाला. पडलं, गाणं पडलं! मग त्याच्या ध्यानात आलं की मांडवात कुणी खोकतसुद्धा नाहीये. त्याच्या स्वतःच्या अंगावर काटा आला होता. तो त्यानं शर्टाची बाही खाली ओढून झाकला आणि घरी निघून आला.

इथवर सगळं सोसलं असतं त्यानं. पण दुसऱ्या दिवशी नजीरा भाकरी थापताना गुणगुणत होती.

नजीरा म्हणजे मास्तरची बायको. लेक फातिमा गडहिंग्लजला दिलेली, त्यामुळं घरात ही दोघंच. नजीरा कमी बोलणारी, पण बोलली की आरपार. तिच्या तोंडी गाणं मास्तरनं फारसं कधी ऐकलं नव्हतं. आज ती चांदण्याचं गाणं गुणगुणत होती आणि अंतऱ्याला, पिठाचे हात परातीवर तसेच ठेवून, ती खाली उतरली. थांबली. मग घशातून एक हलका टोला, आणि पुढं भाकरी.

मास्तरच्या हातातला चहा निवला. ज्या गाण्यानं सगळ्या शहराला वेड लावलं, ते बायकोच्या ओठावर आलं तेही शेजाऱ्याच्या वळणानं! अंगाचा नुसता तिळपापड झाला त्याच्या. विचारावं तर लाज आणि न विचारावं तर झोप नाही.

मग सुरू झाले उद्योग. दाढी करताना तो आरशासमोर मोठमोठ्यानं झोका गुणगुणायचा. नजीरा म्हणायची, "गप करा की, गालाला लागंल." जेवताना मुद्दाम सांगायचा, "काल राजारामपुरीतल्या वरातीत लोकांनी चारदा वाजवाय लावलं." ती म्हणायची, "बरं झालं. आमटी वाढू?" आणि उठून चुलीकडं गेली की परत तेच, खाली, थांब, टोला. तो तिच्या पाठीकडं बघत बसायचा. हिला माझ्यात काय कमी वाटलं? एवढी वर्षं संसार केला आणि हिला आवडावा तो टाइपरायटर? कृष्णात दारात दिसला की तो थुंकून आत वळायचा. कृष्णात बिचारा "मास्तर, बरं हाय न्हवं?" म्हणून विचारायचा.

एकदा तर त्याच्या तोंडून नको ते निघालं. "रोज सकाळी मी गेल्यावर त्या टाइपरायटरसाठी भिंतीला कान लावून बसतीस काय गं?"

नजीरानं परात खाली ठेवली. "मी भाकरी करत बसती. भिंत चुलीच्या मागं हाय. तुमीच बांधलीया तिथं चूल." एवढं बोलून तिनं दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. गाणं मात्र थांबलं नाही.

मग माघात लग्नाच्या दाट तिथीला व्हायचं तेच झालं. अरुंद गल्लीच्या तोंडाशी दोन वराती समोरासमोर आल्या. एकीपुढं दिलखुश बँड, दुसरीपुढं हातगाडीवर स्पीकर ठेवून कृष्णातची बेंजो पार्टी. अशा वेळी कोल्हापुरात कुणी आपणहून बाजूला सरकत नसे. रिवाज असा की दोन्ही बाजे थांबायचे, एकानं गाणं वाजवायचं, दुसऱ्यानं तेच वाजवून उत्तर द्यायचं आणि ज्याच्यावर लोकांचा गलका मोठा त्याची वरात आधी पुढं. दिवस मावळत आलेला, बत्त्या पेटत होत्या. लोकांनीच आरोळी ठोकली, "चांदण्याचं! चांदण्याचं होऊ द्या!"

कृष्णातनं आधी वाजवलं. पण ती काय मांडवातली शांतता होती? पोरं किंचाळत होती, फटाके फुटत होते, घोडं फुरफुरत होतं. तो खाली उतरून थांबला तेव्हा लोकांना वाटलं बॅटरी गेली. "अरं, वायर बघ, वायर!" म्हणून कुणीतरी ओरडलं. आणि मग मौलालीनं क्लॅरनेट ओठाला लावला. असा झोका त्यानं जन्मात घेतला नसेल. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण सूर खाली येऊ दिला नाही. गल्ली डोक्यावर घेतली लोकांनी. कुणी त्याला खांद्यावर उचललं, नवरदेवाच्या मामानं स्वतःच्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात घातला. कृष्णातनं हातगाडी बाजूला घेतली आणि जाता जाता हात जोडून म्हणाला, "मास्तर, रस्त्यावर तुमच्यापुढं कोण न्हाय." मास्तरनं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

तो हार तसाच गळ्यात घालून तो घरी आला. आत्तापर्यंत बातमी घरी पोचलीच असणार. आज नजीरा काय म्हणते, ते ऐकायला त्याचे कान आसुसले होते.

"हात धुवा, वाढती," नजीरा म्हणाली. आणि ताट घेताना गुणगुणली. खाली. थांब. टोला.

मास्तरनं हार गळ्यातून ओढून कोपऱ्यात फेकला. "कुणाचं गाणं म्हणतीस गं तू?"

"चांदण्याचं. तुमचंच की."

"माझं? माझं खाली उतरतंय व्हय?"

"मग कुठं जातंय?"

"वर! वर जातंय! सगळ्या कोल्हापूरला इचार जा!"

"मग कोल्हापूरलाच इचारा की!" नजीराचाही आवाज चढला. "मला कशापायी इचारतासा? मी कुठं ऐकलंय?"

"ऐकलं न्हाय म्हंजे?"

"लग्न होऊन आल्यावर एकदा कोपऱ्यावर उभी ऱ्हायले हुते, तुमची वरात बघाय," ती म्हणाली. "तुमी वाजवता वाजवता डोळं वटारलासा. घरी येऊन म्हणलासा, मास्तरची बायकू रस्त्यावर दिसाय न्हाय पायजे. त्या दिसापास्नं न्हाय दिसली. घरात वाजवा म्हणलं तर तुमच्या उस्तादानं सांगितलेलं, बाजा घरात काढायचा न्हाय. फातिमाच्या लग्नात तुमी बाप हुता, बँड नवऱ्याकडचा हुता. मग मी ऐकायचं कवा? लांबनं नुसता ढोल ऐकू येतोय, अवो. तुमचा क्लॅरनेट आमच्या चुलीपतूर येत न्हाय. भिंतीपल्याडचं येतंय, ते म्हणती."

ज्या गाण्यासाठी तो देवळात भांडला, जिलेबी वाटली, शेजाऱ्याशी बोलणं तोडलं, ते त्याच्या घरातल्या माणसानं ऐकलंच नव्हतं. जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तो क्लॅरनेट लाल कोटात गुंडाळूनच. बँडच्या मालकाला सांगितलं, बाज्याची चावी दुरुस्त करायची आहे. उस्तादाची मनातल्या मनात माफी मागितली, बायकोला म्हणाला, "बस इथं. हालायचं न्हाय." नजीरा पदराला हात पुसत पोत्यावर बसली. तिच्या चेहऱ्यावर अशी काही उत्सुकता होती की त्याला वाईट वाटलं. एवढी वर्षं हा चेहरा आपण बघितलाच नाही.

आणि त्यानं सुरुवात केली. रस्त्यावर करतो तशी, छाती भरून. वर पत्रा, चार भिंती, एवढीशी खोली. मांडणीतले डबे थरथरले. समोरच्या घरातलं तान्हं मूल रडायला लागलं. मास्तरनं डोळे मिटून झोका घेतला, वर, अजून वर, आणि डोळे उघडले तर नजीरा दोन्ही हातांनी कान दाबून बसलेली.

त्यानं क्लॅरनेट खाली घेतला. "काय झालं?"

"चांगलं हाय," ती घाईनं म्हणाली. "लई चांगलं हाय. पर लई मोठ्यानं वाजवतासा."

"मग हळू वाजवतो."

पण हळू त्याला येईना. सगळं आयुष्य फटाक्यांच्या वर आवाज काढण्यात गेलेलं. दम आवरला की सूर फाटायचा, वर चढताना हवाच निघायची. झोका अर्ध्यावर तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. तो घामानं भिजला. काल हजार माणसांत जिंकलेला मास्तर आज बायकोपुढं पोत्याच्या कडेला बसून राहिला.

तेवढ्यात भिंतीपलीकडं कृष्णात खोकला. त्याची सुट्टी होती. म्हणजे सगळं ऐकलं त्यानं.

मास्तरचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं क्लॅरनेट झटकून पुन्हा हातात घेतला. मग खाल्ल्या आवाजात म्हणाला, "दार लाव."

"उकडतंय की."

"उकडू दे. लाव म्हणतो न्हवं? खिडकी बी."

नजीरानं दार लावलं, खिडकी लावली. खोलीत अंधार झाला. मास्तर भिंतीपासून लांबच्या कोपऱ्यात सरकला, तोंड दाराकडं केलं, क्लॅरनेट मांडीच्या जवळ धरला आणि वाजवायला लागला. अगदी बारीक. एवढं बारीक की भिंतीपलीकडं एक सूरही जाता कामा नये. कारण अंतरा आला तसा तो वर गेलाच नाही. खाली उतरला. क्लॅरनेटच्या तळातले जे सूर रस्त्यावर कधी कुणाला ऐकू गेले नाहीत, त्यांच्यातून एकेक पायरी खाली गेला. थांबला. मग एक सूर, हलकासा.

बायकोसाठी जो आवाज त्याला धरता येत नव्हता, तो कृष्णातला कळू नये म्हणून धरता आला.

नजीरानं कानावरचे हात केव्हाच काढले होते. ती भिंतीला डोकं टेकून बसली होती, डोळे मिटून. गाणं संपलं तरी ती हलली नाही. मास्तरनं दबक्या आवाजात विचारलं, "कसं वाटलं?"

"आता ऐकू आलं," ती म्हणाली. "परत."

मास्तरनं भिंतीकडं एक जळजळीत नजर टाकली. ओठ ओले केले आणि कृष्णातचं गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.